मांडवीच्या धक्क्यावरून से कॅथेड्रलकडे

जुन्या गोव्याला येणारे बहुतेक प्रवासी बसमधून उतरून थेट बॉम जेझू बॅसिलिकेत शिरतात आणि रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलसाठी उरलेली पंधरा मिनिटे ठेवतात. पूर्वी दोनदा मीही तेच केले होते. या वेळी मात्र आधी दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत उतरलो आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून पायी वर आलो, कारण पोर्तुगालहून येणारा नवा व्हाइसरॉय याच वाटेने शहरात प्रवेश करीत असे.

काही मिनिटांतच उजव्या हाताला कॅथेड्रलचा पूर्वाभिमुख दर्शनी भाग दिसतो आणि त्यात काहीतरी कमी आहे हे लगेच जाणवते. त्याचा उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारला गेलाच नाही. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरीनच्या सणादिवशी, गोवा जिंकला, म्हणून हे चर्च तिला वाहिलेले आहे. १५६२ मध्ये सुरू झालेल्या सध्याच्या वास्तूतील वेद्यांचे काम पुरे व्हायला १६५२ साल उजाडले. ‘से’ म्हणजे बिशपचे आसन.

समोरची हिरवळ पाहून कोणाला शंकाही येणार नाही, पण हाच शहराचा मुख्य चौक होता. येथेच इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाच्या आरोपावरून लोकांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता, ज्याला लोक दबक्या आवाजात ‘व्हडलें घर’ (मोठे घर) म्हणत. दक्षिण मनोऱ्यातली ‘सुवर्णघंटा’ तिच्या मधुर नादामुळे त्या नावाने ओळखली जाते. इन्क्विझिशनच्या जाहीर शिक्षासोहळ्याची वर्दीही तीच देत असे. घंटेच्या सौंदर्याचे कौतुक करणाऱ्या मार्गदर्शकांनी हेही सांगावे, असे मला वाटते.

आत सोनेरी मुलाम्याच्या मुख्य वेदीवर कॅथरीनच्या जीवनातले प्रसंग कोरले आहेत. मी अधिक वेळ रेंगाळलो तो मात्र चमत्कारी क्रुसाच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाकक्षात. एक वृद्ध बाई कोरीव लाकडी जाळीला कपाळ टेकवून कोंकणीत काहीतरी पुटपुटत होती, आणि मी नकळत कॅमेरा पिशवीत ठेवला.

साथीच्या रोगांनी शहर ओस पडले, १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला, पण आर्चबिशपचे कॅथेड्रल येथेच राहिले. दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष बॅसिलिकेतून येथे दर्शनासाठी आणतात, तेव्हा ओस शहर पुन्हा माणसांनी भरते. मागचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. शांतपणे वास्तू पाहायची असेल, तर असे दिवस टाळावेत.

सकाळी लवकर जावे, खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर थांबावे. शेजारचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. पणजीहून कदंब बसने हे अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे. पाणी सोबत ठेवा, कारण त्या मोकळ्या आवारात दुपारचे ऊन फार लागते.