हार्डनॉटचा उतार आणि एमजीबीची न बदललेली नळी

जूनअखेरीस माझी 1973 ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेऊन इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला जाऊन आलो. विंडरमिअरचे दोन दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते तिसऱ्या दिवशीच्या हार्डनॉट पास या घाटाबद्दल आणि निघण्याआधी एका गॅरेजला मोजलेल्या 380 पौंडांबद्दल.

बिलावर ‘ब्रेक सर्व्हिस, पूर्ण’ असं होतं. पुढचे पॅड नवे, मागचे शू नवे. मी निर्धास्त निघालो.

ॲम्बलसाइडहून आधी रायनोज पास, मग कॉकली बेक, मग हार्डनॉट. माथा जेमतेम 393 मीटर, पण काही ठिकाणी तीन फूट पुढे गेलं की एक फूट खाली, असा उतार. रस्ता एका गाडीपुरता. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, आपल्याकडच्या घाटासारखंच.

एस्कडेलच्या बाजूला उतरताना मेहुणा म्हणाला, “दाजी, काहीतरी जळतंय.” मला वाटलं क्लच असेल, चढणीला जरा खेचला होता. पुढच्या वळणावर गाडी डावीकडे ओढू लागली आणि त्याच्या पुढच्या वळणावर पेडल पोकळ गेलं. पहिल्या गिअरमध्ये होतो म्हणून निभावलं. पेडल भराभर पंप करत, हँडब्रेक ओढत रोमन किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी घातली. ब्रिटनमध्ये विकलेल्या त्या काळच्या एमजीबीत ब्रेकचं सर्किट एकच असतं. ते गेलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. हँडब्रेक केबलवर चालतो, म्हणून तेवढा हाताशी राहिला.

पुढच्या डाव्या चाकाची धग वीतभर अंतरावरून लागत होती. अशा वेळी पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकते. पाऊण तासाने पेडल पुन्हा घट्ट लागलं, आणि फसायला होतं ते इथेच. पेडल आलं म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला असं नाही, फक्त उकळलेलं ब्रेक ऑइल थंड झालंय. तिथून पुढे गाडी चालवायची नाही. आम्हीही चालवली नाही. फोनला रेंज नव्हती, मेहुणा ‘बूट’ नावाच्या गावाकडे चालत गेला आणि तिथून रिकव्हरी बोलावली. संध्याकाळ झाली. मी भयंकर चिडलो होतो, अजूनही आहे.

घरी पुढची बाजू क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) ट्रॉली जॅक लावून उचलली आणि चॅसिसखाली दोन स्टँड दिले. नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही जाऊ नये. सोबत आलेला मूळ जॅक तर विसराच, तो सिलला (दाराखालच्या पट्टीला) लागतो आणि या गाड्यांचे सिल आतून गंजलेले असतात. पेडल दाबून सोडलं, डावं चाक जाम. पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरजवळचा जोड सैल केला, फरक शून्य. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचं हवा काढायचं निपल उघडलं, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. दोष मधल्या रबरी नळीचा. नळी बाहेरून काळी, ठणठणीत. तिच्या नटावर जुन्या अंडरसीलचा (गंजरोधक लेपाचा) थर जसाच्या तसा, त्याला पाना लागलाच नव्हता. उभी चिरली तर आतलं रबर फुगून भोक जवळपास बुजलेलं. पेडलच्या जोराने ऑइल आत जायचं, परत यायचं नाही. पॅड डिस्कला चिकटून राहिले, तापले आणि ऑइल उकळलं. त्यात वाफेचे बुडबुडे झाले, म्हणून पेडल पोकळ गेलं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना 230 अंशांच्या आत उकळता कामा नये, पण ते हवेतलं पाणी ओढतं. 3.7 टक्के पाणी मुरलं की हमी फक्त 155 अंशांची.

अशा तीन नळ्या असतात, पुढे दोन, मागे एक. तिन्ही मला 36 पौंडांत मिळाल्या. काढताना नळी पिळू नका. आधी ब्रॅकेटजवळचा धातूच्या पाइपचा नट, मग नळीचा लॉकनट, शेवटी कॅलिपरमधून नळी. तांब्याचा वॉशर नवाच घाला. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात दूरचं चाक आधी. मागचे ड्रम उघडलेत तर धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

‘ब्रेक सर्व्हिस’ या शब्दावर पैसे देऊ नका. नळ्या बदलल्या का, ऑइल कधीचं, हे विचारा आणि काढलेले भाग परत मागा. 40 वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना 2018 पासून एमओटी (ब्रिटनमधली वार्षिक गाडी-तपासणी) सक्तीची नाही. तरी करून घ्या. तिथल्या ब्रेक तपासायच्या रोलरवर एक चाक अडकतंय हे लगेच दिसतं. नळ्यांचं वय माहीत नसेल किंवा ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर हार्डनॉटला जाऊच नका.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, त्याच दिशेने, उतारभर पहिल्या गिअरमध्ये. किल्ल्याजवळ थांबून पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेला. दोन्ही सारखीच कोमट. मेहुण्याने चारचारदा हात लावून पाहिला.