कोयरी उघडली, घडी तडकली

कोयरीच्या आकाराचं घडीचं कार्ड शेवटी सरळ उघडलं! मी आधी केलेल्या मोदकाच्या आकाराच्या कार्डानंतर ‘आता वळणदार काहीतरी करून दाखव’ म्हणून डिवचणाऱ्यांसाठी आधी ही बातमी.

मोदक सोपा होता. त्याचा तळ सपाट, त्यामुळे बिजागरी, म्हणजे दोन्ही पानं जोडून ठेवणारी न कापलेली घडी, तिथेच मिळाली. कोयरीला सरळ कडच नाही. साचा घडीला नुसता टेकवून कापला, तर दोन्ही पानं एका टिंबावर जोडलेली राहतात आणि उघडताना सुटतात. म्हणून साचा ठेवताना पोट घडीच्या थोडं बाहेर काढायचं; तेवढा भाग कापला जात नाही आणि तिथे सरळ घडी उरते. माझ्या कोयरीच्या पोटाची त्रिज्या ६ सेंमी आहे. ४ मिमी बाहेर काढलं तर ४.३ सेंमीची बिजागरी मिळते, ८ मिमी काढलं तर जवळजवळ ६ सेंमीची. मी ८ वर थांबले. पोट किंचित चपटं दिसतं, पण शेपटीचा बाक घडीच्या उलट बाजूला ठेवला की डोळा तिकडेच जातो.

आता तडकण्याचं. २५० जीएसएमचं (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचं) गर्द हिरवं कार्ड, रंग फक्त वरच्या थरात. घडी घातली की मधोमध पांढरी, खरबरीत रेघ! रिफिल संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून पाहिली, उंचवटा घडीच्या आत येईल अशीच घडी घातली, तरी तेच. दुकानदार म्हणे, ‘ताई, सगळं कार्ड सारखंच असतं.’ नसतं हो! मशीनवर कागद बनताना तंतू बहुतेक एकाच दिशेने लागतात; ती दिशा म्हणजे ग्रेन. ए४ घेऊन तो मधोमध दुमडला की घडी २१ सेंमीच्या बाजूला समांतर येते, आणि माझ्या गठ्ठ्यात ग्रेन नेमका २९.७ च्या बाजूने. म्हणजे प्रत्येक घडी तंतू मोडूनच पडणार. शीट न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा: ज्या दिशेने ती सहज वाकते, त्या वळणाला ग्रेन समांतर असतो.

मग पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून २२ बाय २८ इंचांची पूर्ण शीट आणली आणि ग्रेन बघून स्वतःच तुकडे पाडले. घडी साफ! कापलेले ए४ गठ्ठे सोयीचे खरे, पण घडीच्या कार्डासाठी मी ते पुन्हा घेणार नाही.

साचा जुन्या एक्स-रे फिल्मचाच. पुठ्ठ्याची कड गिरवून गिरवून झिजते, फिल्मची नाही, शिवाय खालची नक्षी अंधूक का होईना, दिसते. कापताना कात्री जागेवर, कागद फिरवायचा, हे नव्यांसाठी. कार्ड ५ बाय ७ इंचांच्या साध्या पाकिटात बसतं, वेगळं पाकीट बनवायला नको.

दिवाळीसाठी याच हिरव्याची रास करायची असं ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं, हातकागदाचं काय? त्याचा लगदा चौकटीवर हाताने हलवून उचलतात, त्यामुळे तंतू सगळीकडे पसरतात आणि ग्रेनची कटकट जवळजवळ उरतच नाही. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहेच. शेपटीच्या टोकाला तो कागद पिंजेल अशी भीती आहे, म्हणून कटरला नवं पातं लावून आधी फक्त शेपट्या कापून बघते. कोणी हातकागदावर बारीक वळणं कापली असतील तर पातं कुठलं वापरलं ते सांगा. हिरव्याची रास तोवर थांबली.