ट्रेक एका दिवसाचा, फाईल पावसाळाभर

चाळीसगावात कुठल्याही उंच गच्चीवर उभं राहून दक्षिणेकडे बघितलं की सातमाळ्याची रांग दिसते. त्या रांगेच्या पायथ्याचं जंगल, पाटणादेवी, शहरापासून १८ किलोमीटर. तरी आमच्याकडची पोरं रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, करायला पैसे भरून नाशिक नाहीतर लोणावळा गाठतात, आणि कॉलेजची सहल म्हणजे वर्षानुवर्षं वेरूळ-शिर्डी. तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही एनएसएसच्या काही जणांनी मनावर घेतलं: कॉलेजच्या लेटरहेडवर, रीतसर परवानगी काढून, इथल्याच डोंगरात एक दिवस काढायचा. पावसाळ्यात गाड्या काढून तिथल्या केदारकुंड धबधब्यावर जाणारे ग्रुप ढिगाने आहेत. तसं जायचं असतं तर एक रविवार पुरला असता. रीतसर जायचं म्हटल्यावर अख्खा पावसाळा फाईलमागे गेला.

पहिला अर्ज ‘विद्यार्थ्यांमध्ये धाडस, नेतृत्वगुण व संघभावना वाढीस लागावी’ या थाटाचा होता. प्राचार्यांच्या केबिनमधून तो परत आला तेव्हा समासात लाल पेनाने दोनच शब्द होते: ‘जबाबदारी कोणाची?’

पोरं चिडली. मला मात्र त्यात सरांचं काही चुकलं असं वाटलं नाही. २०१४ साली हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढत उभी असलेली हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेली. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली. त्यानंतर सहल म्हटलं की कुठल्याही प्राचार्यांच्या पोटात गोळा येतो. अशा माणसासमोर ‘धाडस’ हा शब्द टाकणं म्हणजे स्वतःच्या हाताने फाईल बंद करणं.

म्हणून दुसरा अर्ज उलटा लिहिला. पहिल्या पानावर काय काय बिघडू शकतं तेच: घसरून पडणं, मधमाश्या, साप, ऊन, बिबट्या, कुणी मागे राहून वाट चुकणं. प्रत्येकापुढे काय करायचं आणि ते कोण करणार, त्याचं नाव. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, पाय हलू न देता दवाखाना गाठायचा. गाडी कोण काढणार, आणि त्या दिवशी लस आहे का हे दवाखान्यात आदल्या दिवशी कोण विचारणार, इथपर्यंत. नेतृत्वगुणांना शेवटच्या पानावर एक ओळ मिळाली. हा अर्ज परत आला नाही. ‘वनविभागाचे पत्र जोडावे’ एवढाच शेरा आला.

पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. १९८६ साली घोषित झालेलं हे अभयारण्य साधारण २६० चौरस किलोमीटर आहे, आणि इथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल साहेबांनी आमच्यापुढे त्याचं कलम २८ वाचून दाखवलं. अभयारण्यात प्रवेश कशासाठी देता येतो, तर वन्यजीवांचा अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन, पर्यटन, आणि तिथे राहणाऱ्यांशी कायदेशीर कामकाज. ‘यात दोर बांधून कड्यावरून उतरणं कुठे बसतं, तुम्हीच दाखवा,’ ते म्हणाले. आम्हाला दाखवता येईना. केदारकुंडाच्या बाजूला रॅपलिंग करायचं आमचं स्वप्न तिथेच संपलं, आणि बरंच झालं. वर डोंगरात ढग फुटला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, हे चाळीसगावकराला सांगायला नको; ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरी आणि तितूर या नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं होतं.

साहेबांनीच मार्ग सांगितला. जंगलात फक्त चाला, सोबत वनरक्षक घ्या, जाळ करू नका, आणि दोराचं काम हद्दीबाहेर करा.

अर्जात हेतू म्हणून आम्ही पाटणचं जुनं महादेव मंदिर आणि भास्कराचार्य घातले. पाटणचा शिलालेख इसवी सन १२०७ मधला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. ही ओळ वाचून गणिताच्या मॅडम स्वतःहून यायला तयार झाल्या. मुलींसोबत मॅडम कोण, या प्रश्नावर आम्ही कधीचे अडलो होतो. तो बाराव्या शतकातल्या गणितज्ञाने सोडवला.

हद्दीबाहेरचा कातळ शोधणं सगळ्यात मजेचं काम निघालं. एका गावाच्या गायरानात चाळीसेक फुटांचा सरळ कडा सापडला, वर सपाटी, खाली मोकळी जागा. आम्ही खूष होऊन वर चढायला लागलो तर शेळ्या चारणाऱ्या एका बाबांनी हाक मारली, ‘तठे नका जाऊ रे भाऊसहोन, वर आग्यामोहोय शे.’ बघतो तर कपारीला आग्या मधमाश्यांची चांगली परातीएवढी काळी पोळी लटकलेली. नाशिकचे जे प्रशिक्षक येणार होते त्यांना फोटो पाठवला. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं: ‘बदला.’ बाबांनीच मग अर्ध्या तासावरचा दुसरा कातळ दाखवला. तो थोडा बुटका होता, पण मोहोळ नव्हतं. गायरान असल्याने ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागला. सरपंचांनी एकच अट घातली: गावातल्या दहावीच्या पोरांनाही खाली उभं राहून बघू द्यायचं.

प्रशिक्षक कोण घ्यायचा, यात काटकसर करू नका. यूट्यूब बघून दोर बांधणारे ‘सर’ आता खान्देशातही झाले आहेत. आम्ही तीन गोष्टी विचारल्या. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बेसिक आणि ॲडव्हान्सच्या पुढे शिकवण्याचा कोर्स केला आहे का? प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र चालू आहे का? आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? एकाने तिसऱ्या प्रश्नाला ‘ते बघून घेऊ’ म्हटलं. त्याला आम्ही पुन्हा फोन केला नाही.

विम्याचं प्रकरण बारीक अक्षरात दडलेलं होतं. ‘मुलांचा अपघात विमा आहेच’ म्हणून ऑफिसने निर्धास्त केलं होतं. पॉलिसी मागून वाचली तर न मिळणाऱ्या भरपाईच्या यादीत गिर्यारोहण होतं. शेवटी रॅपलिंगचा स्पष्ट उल्लेख असलेला एक दिवसाचा वेगळा विमा काढावा लागला. वाहनासाठी कॉलेजने क्रूझर नाकारली, एसटीच हवी म्हणाले. आगारात जाऊन प्रासंगिक करारावर बस घेतली.

पालकांची संमतीपत्रं गोळा करताना खरा कस लागला. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. वर्गातल्या एकीचे वडील मला म्हणाले, ‘इथे वेचायला मजूर मिळत नाही, अन् हिला डोंगर चढायला पाठवू?’ मी वाद घातला नाही. मॅडम सोबत आहेत, बस एसटीची आहे, सहाच्या आत परत, असं सांगितलं आणि धोक्यांचं ते पहिलं पान पुढे केलं. त्यांनी ते चष्मा लावून सावकाश वाचलं. ‘साप-बिप सगळं लिहिलं आहे म्हणजे विचार केलेला दिसतो,’ म्हणाले आणि सही केली.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल थोडंच सांगतो, कारण तो ठरल्याप्रमाणे गेला. सकाळी वनरक्षकांसोबत डोंगरी नदीच्या काठाने चालणं, महादेव मंदिर, मॅडमचं भास्कराचार्यांवर बोलणं. ते लांबलं, पण कुणी कुरकुर केली नाही. वरच्या कन्हेरगड किल्ल्याकडे नुसतं बघितलं. तो पुढच्या वेळी. सेंट, डिओ लावून यायचं नाही असं आधीच बजावलं होतं, मधमाश्यांमुळे. एक जण लावून आलाच. त्याला नदीवर अंघोळ घातली.

दुपारी कातळावर. प्रशिक्षकांनी दोर आधी हातभर-हातभर करत सगळा चाचपला. साडेदहा मिलिमीटरचा तो दोर दोन टनांहून जास्त ताण सोसतो, पण ते म्हणाले, ‘वजनाने दोर तुटत नाही, धारेवर घासून कापला जातो.’ म्हणून कड्याच्या काठावर जिथे दोर टेकत होता तिथे बारदानाची चौपदरी घडी घातली. दोर अडकवायचा एक अँकर मोठ्या शिळेला, दुसरा निंबाच्या बुंध्याला. एक सुटला तरी दुसऱ्याने धरावं म्हणून दोन्ही वेगळे. उतरायचा दोर एक आणि वरून बिले देणाऱ्याच्या, म्हणजे उतरणाऱ्याला सांभाळून धरणाऱ्याच्या, हातातला दुसरा. मुलींना केस हेल्मेटच्या आत आणि ओढणी बॅगेत ठेवायला सांगितलं. दोन्ही डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या साधनात, ओढलं जातं. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू प्रत्येक वेळी दोघांनी फिरवून बघायचा: एकदा लावणाऱ्याने, एकदा प्रशिक्षकांनी.

अवघड असतं ते पहिलं पाऊल. पाठ दरीकडे करून मागे रेलायचं आणि पाय कातळाला काटकोनात ठेवायचे. शरीर नेमकं उलट सांगत असतं, कातळाला चिकट म्हणून. चिकटलं की पाय घसरतात. कापूसवाल्या काकांची मुलगी काठावर बराच वेळ उभी राहिली. कुणी ‘जा जा’ करायचं नाही, ही अट होती. मग ती एकदम मागे रेलली आणि न थांबता खाली उतरली. गावातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. बाबा शेळ्या घेऊन हजर होतेच.

जेवण गावातल्या मावशींनी केलं: वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. त्या जेवणावरून ऑफिसात नवीन लढाई सुरू झाली. हिशोब दिला तर हेडक्लार्क आप्पा म्हणाले, जेवणाचं जीएसटी बिल कुठे आहे? भरीताला जीएसटी बिल कुठून आणायचं! बरंच समजावल्यावर साध्या व्हाउचरवर मावशींची सही चालेल असं ठरलं. रक्कम पाच हजारांच्या वर होती म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट हवं, आणि ते पोस्टात संपलेलं. मी धुळ्याहून आणलं, सही घ्यायला परत गावात गेलो. मावशींनी सही केली आणि विचारलं, पुढच्या डिसेंबरात किती माणसं धरू?