माझी ‘कंटिन्युअस’ सहा वर्षं

जून २०१२ ते जुलै २०१८ मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. राजीनामा दिल्यावर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना केलेल्या वर्षांच्या हिशेबाने मिळणारी रक्कम, मागितली, तर ऑफिसातून उत्तर आलं, “तुमची सर्व्हिस कंटिन्युअस नाही.” २०१४ मध्ये काविळीने मी दोन महिने घरी होते आणि २०१६ मध्ये बॉयलरच्या कामासाठी कारखानाच दीड महिना बंद होता. खंड पडला, म्हणून ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षं भरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मला ते पटलंही होतं. शाळेत ‘प्रेझेंट कंटिन्युअस’ म्हणजे चालू वर्तमानकाळ, एवढंच शिकलेले. काम थांबलं, म्हणजे ते चालू कसं?

ऐरोलीत आमच्याच मजल्यावर इंग्रजीच्या निवृत्त बाई राहतात. कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी शब्दच उलगडला. थांबून थांबून पुन्हा पुन्हा होतं ते ‘कंटिन्युअल’, रात्रभर अधूनमधून भुंकणाऱ्या कुत्र्यासारखं. मधे फटच नसते ते ‘कंटिन्युअस’, खाडीपुलाच्या कठड्यासारखं. बोलताना लोक एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरतात, हेही त्यांनी सांगितलं.

“मग बाई, माझी नोकरी कंटिन्युअलच झाली.”

“अगं, हा डिक्शनरीतला अर्थ. कायद्याने स्वतःचा अर्थ दिलाय का, ते आधी बघू.”

दिला होता. तेव्हा लागू असलेला ग्रॅच्युइटी कायदा १९७२, कलम २ए. आम्ही दोघींनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं. आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ (मालकाने काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), संप, टाळेबंदी, कामगाराची चूक नसताना बंद पडलेलं काम: यांमुळे खंड पडला तरी सेवा ‘कंटिन्युअस’च. शिवाय वर्षात २४० दिवस भरले तरी ते वर्ष धरलं जातं. माझे दोन्ही खंड त्या यादीत होते! कावीळ काय मी ठरवून आणली होती? हे कामगाराला कुणी आधी सांगत नाही, याचा मला आजही राग येतो.

मग ‘नमुना आय’, म्हणजे ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज, भरला. डॉक्टरांचा दाखला आणि कारखाना बंद असल्याची नोटीस जोडली, अर्जात कलम लिहिलं आणि पोच घेतली. हिशेबही मांडला: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये, भागिले महिन्याचे कामाचे २६ दिवस, गुणिले दर वर्षामागे १५ दिवस, गुणिले ६ वर्षं. ५४,००० रुपये.

तीन फेऱ्या झाल्या. ऑक्टोबरात पैसे खात्यात आले. सोबतच्या कागदावर त्यांनीच छापलं होतं, ‘कंटिन्युअस सर्व्हिस: ६ वर्षं’. तो कागद मी आधी बाईंना नेऊन दाखवला.