टेरियर केनेल अपडेट: पावसाळा संपला, गेटवरचा राडा बराच कमी झालाय

मंडळी, पावसाळाभर काही टाकलं नाही कारण टाकण्यासारखं काही चाललंच नव्हतं, नुसता चिखल आणि भुंकणं. आता ऑक्टोबरचं ऊन पडलंय, रन (कुत्री मोकळी सोडायचे जाळीबंद कप्पे) वाळलेत, म्हणून बसलो लिहायला. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्याच्या बाजूला प्लॉट आहे, तिथे माझी पाच कुत्री असतात. खंड्या, बिजली आणि ठमी हे जॅक रसेल, सरदार हा वायर फॉक्स टेरियर, आणि गोट्या, ज्याच्यात नक्की काय काय मिसळलंय ते देवालाच ठाऊक, पण उंदीर मारण्यात तोच एक नंबर. काम म्हणजे उंदीर, बस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून आपल्याकडे शिकार हा विषय संपलाय, त्यामुळे ससा, डुक्कर, घोरपड असले मेसेज मला कृपया पाठवू नका. ओळखीच्या पोल्ट्र्यांवर आणि गोठ्यांवर जातो, उंदीर काढतो, चहा पितो, परत येतो.

आता मुद्दा, भांडणांचा. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पाचही एकत्र कधी सोडणार?" तर कधीच नाही सोडणार, आणि हे मी हताश होऊन वगैरे म्हणत नाहीये. बघा, बीगल किंवा फॉक्सहाउंड ही कळपात राहायला तयार केलेली कुत्री, तिथे जो भांडेल त्याला पिढ्यानपिढ्या बाजूला काढलंय, म्हणून वीस-वीस हाउंड एका खोलीत झोपू शकतात. टेरियरचं उलटं आहे. त्याला बिळात एकट्याने घुसायचंय, समोर दात विचकणारा कोल्हा किंवा बॅजर (बिळात राहणारा तिकडचा एक प्राणी), मागे सरकायला जागा नाही, मदतीला कोणी नाही, आणि तरी मागे हटायचं नाही, या एका गुणासाठी इंग्लंडातल्या लोकांनी ही कुत्री निवडत नेली. पाद्री जॉन रसेलने १८१९ मध्ये ट्रम्प नावाची कुत्री घेतली आणि त्याची लाइन सुरू झाली तेव्हापासून हेच चाललंय. मग त्याच कुत्र्याने ताटावरून वाद झाला की समजूतदारपणे मान वळवून निघून जावं ही अपेक्षा कुठून आली? दुसरं म्हणजे टेरियर भांडताना फार बोलत नाही. लॅब्रॅडॉर आधी दहा मिनिटं आरडाओरडा करतो, हे एकदम गप्प होतात, ताठ होतात, शेपटी उभी, आणि संपलं, तोंड लॉक.

पण पावसाळ्यात निवांत बसून बघितल्यावर एक गोष्ट पक्की झाली की भांडण रनच्या मध्यात होत नाही, ते गेटवर होतं. माझ्या बाइकचा आवाज येतो, कुत्र्यांचं बघणारे मामा जेवणाची बादली घेऊन निघतात, कोणीतरी पट्टा हातात घेतो, की सगळे एका टोकाला, शाळा सुटल्यावर फाटकावर पोरं जमतात तसे, आणि त्या गर्दीत एकाचा खांदा दुसऱ्याला लागला की झालं. म्हणजे राग एकमेकांवर नसतोच बऱ्याचदा, अंगात आलेलं असतं ते शेजारच्यावर निघतं. म्हणून सगळी मेहनत आता गेटवर. डबल गेट करून घेतलंय, म्हणजे बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडत नाही, मधे एक माणूस आणि एक कुत्रा मावेल एवढीच जागा. एका वेळी एकच बाहेर, चारही पाय जमिनीवर असतील तरच कडी निघते, उडी मारली की कडी परत आत. सुरुवातीला खंड्याने अक्षरशः डोकं फिरवलं माझं, पण मामांचा पेशन्स माझ्यापेक्षा जास्त, ते तंबाखू मळत उभे राहतात, त्यांना घाई नसते, आणि कुत्र्याला ते कळतं. बादली आता समोरून येतच नाही, मागच्या बाजूने प्रत्येकाच्या झोपायच्या बॉक्समध्ये वाटी सरकवतो, दार लावतो, खाऊन झालं की वाट्या उचलतो आणि मगच दारं उघडतात. हाड, बॉल, फाटकं गोणपाट, काहीही शेअरिंगमध्ये ठेवायचं नाही.

दुसरा मोठा खर्च पार्टिशनचा. आधी दोन रनच्या मधे चेनलिंक होती. दोन कुत्री जाळीच्या दोन्ही बाजूंनी धावत एकमेकांवर तुटून पडतात, पोचता येत नाही, मग चिडून स्वतःच्याच जोडीदाराला चावतात, आणि खालून पंजा पलीकडे गेला तर बोट गेलंच समजा. शिवाय चेनलिंक टेरियर दातांनी उसवतो. आता मधे चार फुटांपर्यंत विटांची भिंत, वर वेल्डमेश, खाली कोबा, कडेने जमिनीत दीड फूट खाली कॉंक्रीट कारण खणणार म्हणजे खणणारच. काही जण पत्रा लावा म्हणाले, स्वस्त पडतो, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याजवळ हात लावता येत नाही आणि पावसात तो इतका वाजतो की कुत्री झोपतच नाहीत, झोप नाही म्हटल्यावर चिडचिड आलीच. वरूनही जाळी बंद केलीय, ती फक्त उड्यांसाठी नाही हां, या पट्ट्यात बिबट्या फिरतो आणि त्याच्यासाठी जॅक रसेल म्हणजे नाश्ता. रात्री सगळे आत, बॉक्समध्ये, अपवाद नाही.

भिंत झाल्यापासून भुंकणं निम्म्यावर आलंय असं शेजारच्या फार्महाउसवाल्या काकू म्हणतात, आणि त्या माझं कौतुक सहसा करत नाहीत.

बिजली आणि ठमीचं मात्र वेगळं प्रकरण आहे. ठमी पिल्लू असताना बिजलीच्या पोटाला चिकटून झोपायची, सगळ्यांनी फोटो बघितलेत. ठमी दीड-दोन वर्षांची झाली आणि चित्र पालटलं. हे फार लोकांना माहीत नसतं, कुत्रं अंगाने वर्षात मोठं होतं पण मनाने मोठं व्हायला एक ते तीन वर्षं लागतात, आणि तोपर्यंतची मैत्री ही पिल्लाला दिलेली सूट असते. एकाच घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांवर जे अभ्यास झालेत त्यांतही हेच दिसतं, की भांडणारी जोडी बहुतेक वेळा सेम सेक्सची, त्यातही माद्यांचा वाटा मोठा, आणि सुरुवात करणारी बऱ्याचदा वयाने लहान किंवा घरात नंतर आलेली. नर दोन धक्के देऊन मोकळे होतात, माद्या लक्षात ठेवतात. त्यात ठमी माजावर येऊन गेल्यावर खोट्या गाभणपणात गेली, एक चप्पल बॉक्समध्ये नेऊन तिचीच राखण करत बसायची, जवळून बिजली गेली तरी ओठ वर. डॉक्टर म्हणाले या अवस्थेत ऑपरेशन करायचं नाही, नाहीतर ते लांबतं, आधी हे उतरू द्या. आता उतरलंय, पुढच्या महिन्यात स्पे, म्हणजे पिल्लं न होण्याचं ऑपरेशन, करतोय. पण स्पे केल्यावर दोघी गळ्यात गळे घालतील असं मला अजिबात वाटत नाही. हॉर्मोनचा जोर कमी होईल, जुना हिशोब तसाच राहील. त्यामुळे दोघी कायमच्या वेगळ्या, एक बाहेर तर दुसरी आत, फक्त फिरायला दोन वेगवेगळ्या माणसांबरोबर, मधे रस्त्याची रुंदी, दोघींना जाळीचं मझल (चावू नये म्हणून तोंडावर घालायची टोपली), एकमेकींकडे न बघता चालल्या की चिकनचा तुकडा. मझल आधी आठवडाभर नुसतं खाऊ घालून ओळखीचं करा, थेट तोंडावर आवळू नका. आणि मझल घालून कुत्री एकत्र सोडून घरी जाऊ नका, मझलने मार बसतोच.

भांडण लागलंच तर काय, हेही परत लिहितो कारण व्हिडिओ बघून लोक काहीही करतात. पाणी मारलं तर टेरियरची अंघोळ होते, बाकी काही होत नाही. ओरडल्याने त्यांना वाटतं तुम्ही पण सामील आहात. हात तोंडाजवळ न्यायचाच नाही. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय मांडीपाशी उचलून धरायचे, आणि पकड घट्ट असेल तर ओढायचं नाही, ओढलं की कातडी फाटते, स्थिर धरून ठेवायचं, पकड बदलायला तोंड सैल झालं त्या क्षणी मागे. आमच्याकडे दोन्ही रनच्या बाहेर एकेक प्लायचा तुकडा टांगलेला असतो, मधे सरकवायला, एकटं माणूस असलं की त्याचाच आधार. केनेलमध्ये पट्टे काढून ठेवतो, कारण खेळताना सुद्धा एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो आणि मग जे होतं ते बघवत नाही. चावल्याचं भोक वरून बारीक दिसतं, आतून मांस सुटलेलं असतं, दोन दिवसांनी पू होतो, म्हणून हळद लावून गप्प बसू नका, केस कापून डॉक्टरला दाखवा. माणसाला लागलं तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणे आणि त्याच दिवशी दवाखाना, कुत्रं स्वतःचं असलं तरी.

अजून एक, अचानक बदललेला स्वभाव म्हणजे आधी तब्येत बघा. सरदार ऑगस्टमध्ये कोणी जवळ आलं की गुरकायला लागला, रक्त तपासलं तर टिक फीव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप, निघाला, औषध झाल्यावर पुन्हा तोच बावळट सरदार. पावसाळ्यात गोचीड बघत राहा, कानात, बोटांच्या बेचक्यात.

कामाच्या दिवशी पण जोड्या ठरलेल्या, खंड्या-ठमी किंवा गोट्या-बिजली, सरदार एकटा. मेलेला उंदीर लगेच उचलून बादलीत, कारण त्याच्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी जिवंत उंदरावरून होत नाहीत. पोल्ट्रीवाल्याला आधी विचारायचं की विष टाकलंय का. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोन असेल तर गाडीतून कुत्री उतरवायचीच नाहीत. आणि उंदरांवर जाणाऱ्या कुत्र्याला लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचं) इंजेक्शन दर वर्षी, यात चालढकल नको, उंदराच्या मुतातून तो येतो आणि माणसालाही होतो.

ज्या आठवड्यात काम नसतं तेव्हा अमेरिकेत बार्न हंट म्हणून जो खेळ चालतो त्याची गावठी आवृत्ती करतो. कडब्याच्या पेंढ्या रचायच्या, मधे भोकं पाडलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे, एकात उंदराच्या वासाचं भुसकट, बाकीच्यांत साधं. एकेकाला सोडायचं. पंधरा मिनिटं नाकाने काम केलं की तासभर पळवण्यापेक्षा जास्त दमतात, आणि दमलेला खंड्या गेटवर बसून कडी निघायची वाट बघतो, हे मी स्वतः बघितल्याशिवाय मानलं नसतं.

पुढचं काम, सरदारच्या रनला सावलीचं नेट आणि दोन जादा बॉक्स. कुणाकडे मध्यम साइजचा, दार नीट लागणारा जुना ट्रॅव्हल क्रेट पडून असेल तर सांगा, सिंहगड रोड, कोथरूड, वारजे कुठूनही येऊन घेऊन जाईन. फक्त पत्र्याचा नको.