ढोलाचं बिऱ्हाड हलवलं: रीपरचा सॅम्पल फोल्डर सी ड्राइव्हबाहेर

मंडळी, मागच्या वेळी थापी आणि टिपरू, ढोलाच्या दोन्ही बाजूंच्या ठोक्यांचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डिंगचे छोटे तुकडे, कापून झाल्याचं कळवलं होतं. पुढचं काम रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्सिंगचं होतं, ते बाजूला राहिलं. लॅपटॉपच्या 256 जीबीमधले 11 जीबी शिल्लक. आमचं ढोल-ताशा पथक नाशिकला तपोवनाच्या बाजूला सरावाला जमतं, तिथे चार माइक लावून तासभर रेकॉर्ड केलं की 24 बिट, 48 किलोहर्ट्झला दोन जीबीच्या वर जातात. म्हणजे पाच सराव आणि खेळ खलास. बाहेरची एसएसडी घेतली आणि 'ढोलसाठा' हा सॅम्पल आणि रेकॉर्डिंगचा 68 जीबीचा फोल्डर तिकडे हलवायचं ठरवलं.

आधी एक खुलासा, कारण मीही सुरुवातीला गल्लत केली. रीपरचा स्वतःचा फोल्डर वेगळा. ऑप्शन्स मेनूत 'शो रीपर रिसोर्स पाथ' म्हटलं की तो उघडतो. थीम, स्क्रिप्ट, शॉर्टकट, ट्रॅक टेम्प्लेट सगळं त्यात. माझा तो फोल्डर 90 एमबीचा निघाला. तो हलवून काय मिळणार? ज्याला तोही बरोबर न्यायचाय त्याने पोर्टेबल इन्स्टॉल करावं, मग सगळा संसार एकाच फोल्डरात राहतो. मी फक्त प्रेफरन्सेसमधून कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करून ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. जड सामान सॅम्पल आणि रेकॉर्डिंगचं आहे.

शुक्रवार रात्र

कट-पेस्ट केलं नाही, एवढी अक्कल होती. रोबोकॉपी, म्हणजे विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड, लावली. कमांडच्या खिडकीत देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, त्याने घाबरू नका, फाइली नीट जातात. अर्ध्यावर इंदिरानगरात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहायला हवा होता, पण माझी बॅटरी आता नावालाच आहे. सगळं बंद. वीज आल्यावर तीच कमांड परत दिली, झालेल्या फाइली तिने सोडल्या आणि उरलेल्या घेतल्या. कट-पेस्ट मध्येच तुटलं असतं तर कुठली फाइल कुठे आहे हे शोधत रात्र गेली असती.

मग जुन्या फोल्डरचं नाव बदलून 'ढोलसाठा_जुना' केलं आणि मिरवणुकीचा प्रोजेक्ट उघडला. रीपरने लगेच सांगितलं, फाइली सापडत नाहीत. सर्च दिला, एसएसडी दाखवली, ताशाचे सगळे ट्रॅक मिळाले. वाटलं, झालं काम! स्पेस दाबला. ताशाची तर्री सुरू, टोल सुरू, आणि ढोल गायब. नाशिकची मिरवणूक आणि ढोल नाही! ना एरर, ना लाल खूण. मिडीच्या नोटा (कुठला ठोका कधी वाजवायचा याच्या सूचना) पळतायत आणि ढोलाच्या ट्रॅकचं मीटर ढिम्म.

कारण शोधायला तास गेला. रीपरची .आरपीपी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडते. टाइमलाइनवरच्या प्रत्येक ऑडिओ तुकड्याखाली 'फाइल' असं लिहून पुढे अवतरणात पत्ता दिसतो. तो शोधा-बदला करून बदलता येतो. पण ढोल टाइमलाइनवर नाही, तो रीसॅम्पलोमॅटिकमध्ये, म्हणजे नोटेवर सॅम्पल वाजवणाऱ्या रीपरच्या सॅम्पलर प्लगइनमध्ये आहे. तिथे नोटपॅडमध्ये दिसतात ती ओळीच्या ओळी अगम्य इंग्रजी अक्षरं, शेवटी बरोबरची चिन्हं. प्लगइनची सगळी माहिती बेस64 करून, म्हणजे नुसत्या अक्षरांत बदलून, तिथे कोंबलेली असते आणि सॅम्पलचा पत्ताही त्यातच. शोधा-बदलाला तो दिसणारच नाही.

माझ्या ढोलाला दोन बाजू, प्रत्येकीला आवाजाच्या आठ पायऱ्या, म्हणजे सॅम्पलरच्या 16 प्रती. प्रोजेक्ट 23. हाताने करायचं तर 368 वेळा ब्राउझ. बायको म्हणाली, "जुनं घर सोडताना पोस्टमनला नवा पत्ता सांगून ठेवतात ना, तसं काही नसतं का यात?" असतं की!

शनिवार

विंडोजमध्ये याला जंक्शन म्हणतात. जुन्या जागी त्याच नावाचा एक पोकळ फोल्डर उभा राहतो आणि त्यात शिरणारा प्रत्येक जण नव्या जागी पोचतो. रीपरला पत्ताच नसतो की घर हललंय.

पण आधी ड्राइव्हचं अक्षर पक्कं करा. माझ्या एसएसडीला ई मिळालं होतं. एकदा पेनड्राइव्ह आधी लागला तर ई त्याला जाणार, आणि जंक्शन तर अक्षरासकट पत्ता धरून बसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एस दिलं. एवढं लांबचं अक्षर सहसा कोणाला मिळत नाही.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक, पुढे स्लॅश जे, मग जुना पत्ता, मग नवा, दोन्ही अवतरणात. आधी जुना, मग नवा, हा क्रम माझा पहिल्यांदा उलटा झाला. ज्या जागी जंक्शन करायचं तिथे त्या नावाचा फोल्डर असता कामा नये, म्हणून आधीचं नामांतर. एंटर दाबल्यावर जुन्या जागी फोल्डर दिसला, आयकॉनवर शॉर्टकटचा बाण. प्रोजेक्ट उघडला, न काही विचारता उघडला. स्पेस दाबला आणि पहिल्याच ठोक्याला खिडकीची काच थरथरली. आवाज कमी करायचा राहिला होता.

रविवार

ऐकून बरोबर वाटतंय यावर माझा विश्वास नाही. एकसारख्या नावाच्या दोन फाइलींत अदलाबदल झाली तर कानाला कळेलच असं नाही. म्हणून नल टेस्ट. हलवण्याआधीचा रेंडर (प्रोजेक्टमधून काढलेली ऑडिओ फाइल) एका ट्रॅकवर, नंतरचा दुसऱ्यावर, एकाची फेज उलटी. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर मास्टरवर, म्हणजे एकत्रित आवाजात, शांतता. माझ्याकडे शांतता नव्हती, फुसफुसल्यासारखे ठोके येत होते. पोटात गोळा आला.

मग आठवलं, ढोल यांत्रिक वाटू नये म्हणून प्रत्येक ठोक्याची वेलॉसिटी, म्हणजे जोर, थोडी इकडेतिकडे करणारा रीपरमधला एक जेएस इफेक्ट लावलाय. तो दर रेंडरला वेगळं वाजवतो, मग दोन रेंडर जुळणार कसे? तो बायपास करायचा, पण हलवण्याआधीचा रेंडरही तसाच हवा. म्हणून जंक्शन काढलं, जुन्या फोल्डरचं नाव परत केलं, रेंडर घेतला आणि परत सगळं जंक्शनवर आणलं. जंक्शन काढताना नुसतं आरएमडीआयआर वापरा, पुढे स्लॅश एस लावू नका, तो उगाच जीवाशी खेळ. नुसत्या कमांडने फक्त पाटी जाते, घर राहतं.

दुसऱ्या खेपेला मास्टरचं मीटर हललंच नाही. दोन मिनिटं त्या रिकाम्या मीटरकडे बघत बसलो होतो, चहा गार झाला.

राहिलेली कटकट एकच. एसएसडी न लावता प्रोजेक्ट उघडला की ढोल परत मुका, तोही न सांगता. म्हणून तिला लॅपटॉपच्या झाकणामागे वेल्क्रोने चिकटवलीय. वेव्हफॉर्मचं चित्र दाखवायच्या पीक फाइली मात्र मुद्दाम सी ड्राइव्हवर, प्रेफरन्सेसच्या पाथ्समध्ये वेगळी जागा देऊन ठेवल्यात. त्या लहान असतात आणि गेल्या तर रीपर परत बनवतो.

'ढोलसाठा_जुना' अजून दोन आठवडे तसाच ठेवणार. तोवर 11 जीबीतच सराव रेकॉर्ड होईल, आणि या खेपेला ताशाला एक माइक जास्त लावायचाय.