पंपाचा फ्लेअर आणि सूर्याचा फ्लेअर

सूर्यावरचे फ्लेअर (अचानक होणारे भडके) घरच्या अँटेनानं पकडायचा खटाटोप चाललाय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं, दूरच्या रेडिओ केंद्राचा सिग्नल येतोय पण भरवसा नाही. आता थोडा आलाय. पावसाळ्यात खाऱ्या हवेनं अँटेनाच्या जोडावर हिरवट बुरा धरला होता. पॉलिश पेपरनं घासला, पुन्हा सोल्डर मारला, आणि आलेखावरची सिग्नलची रेघ बरीच शांत झाली.

नव्यांसाठी थोडक्यात. विजयनारायणमचं (तमिळनाडू) नौदलाचं व्हीटीएक्स रेडिओ केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर चालतं, इथून रेवदंड्याहून साधारण १,२०० किलोमीटर. अँटेना म्हणजे मीटरभर लाकडी चौकटीवर तारेचे ६० वेढे, कड दक्षिण-आग्नेयेला, मध्ये छोटा ॲम्प्लिफायर, पुढे लॅपटॉपचं साउंड कार्ड. फ्लेअरचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात, ६०-९० किलोमीटरवरच्या डी-थराचं (हवेतला विद्युतभारित थर, रेडिओ लहरींवर परिणाम करणारा) आयनीभवन वाढवतात आणि सिग्नलची पातळी बदलते. आपल्याकडे रात्र असेल तर काहीच नाही.

सप्टेंबरात चार दिवस सकाळी सव्वासातला उसळी दिसली. एम-क्लास (मध्यम ताकदीचा फ्लेअर) समजून खूश होतो! मग ३ ऑक्टोबर २०२४ ला संध्याकाळी ५:४८ ला एक्स९.० (सर्वांत ताकदवान वर्गातला फ्लेअर) झाला. ऊन कलंडलेलं, आशा नव्हती. पण रेघ काही मिनिटांत चढली आणि सावकाश उतरायला लागली, मुशीच्या (शार्क माशाच्या) पाठीवरच्या परासारखी. उतार पुढे सूर्यास्तात मिसळला, म्हणजे पर अर्धाच मिळाला.

त्याच्याशेजारी सकाळच्या उसळ्या ठेवल्या तर त्या भिंतीसारख्या: सरळ वर, सपाट, सरळ खाली. शेजारच्या काकांचा विहिरीवरचा पंप! त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय सूर्य मावळल्यावर आंघोळ करू?" चौकट वाडीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

हे रडगाणं जुनंच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली. त्याच कुलाब्यात १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात (सूर्यामुळे आलेल्या चुंबकीय वादळात) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली होती.

तसलं वादळ माझ्या चौकटीला कळत नाही. ते घडवणारा, सूर्यानं फेकलेला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) साधारण एक ते तीन दिवसांनी येतो. मे २०२४ मध्ये आला तेव्हा लडाखात हानलेचं आकाश लाल झालं होतं. म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दोऱ्याला चुंबक टांगलाय, वर आरसा, भिंतीवर लेझरचा ठिपका. सध्या दारावरून स्कूटर गेली तरी ठिपका सरकतो.